उमरग्याचं पॅकेट मुंबईमार्गे

जोडणी होत नाही असा मेसेज आला की "नेट चालू आहे का?" विचारण्यात वेळ घालवू नये. नेट चालूच असतं. यूट्यूब चालतं, पेमेंट जातं, बातम्या येतात. पण आपण बाहेर जाणं वेगळं आणि बाहेरच्याने आपल्या घरी येणं वेगळं. गेम होस्ट करणाऱ्याला दुसरी गोष्ट लागते. घरगुती कनेक्शनमध्ये ती बहुधा दिलेलीच नसते, आणि दिलेली नाही हे पावतीवर कुठे लिहिलेलंही नसतं.

*

मंडळी चार. मी धाराशिवात, एक उमरग्याला, एक हिंजवडीत, एक न्यू जर्सीत. सगळे एकाच वर्गातले. खेळ १९९९ चा, एज ऑफ एम्पायर्स २. रविवारी सकाळी साडेसातला बसायचं. तिकडे उन्हाळ्यात शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. नऊला आमच्याकडे पोह्यांची हाक येते. म्हणून जोडणीत गेलेली वेळ ही लढाईतूनच वजा होते.

*

या खेळाच्या मधोमध कोणताही सर्व्हर नसतो. प्रत्येकाच्या संगणकावर अख्खी लढाई स्वतंत्रपणे चालते. एकमेकांकडे जातात ते फक्त हुकूम: हा गावकरी लाकडाकडे, ते धनुर्धर टेकडीवर. सगळ्यांनी तोच हुकूम त्याच ठोक्याला पाळला की चारही पडद्यांवर तीच लढाई दिसते. पहिल्या एज ऑफ एम्पायर्सच्या घडणीबद्दल पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये एक लेख लिहिला. २८.८ किलोबिटच्या मोडेमवरून पंधराशे धनुर्धर कसे लढवले, हा त्याचा विषय. आज आमच्याकडे फायबर आहे, तेव्हा वेग ही अडचणच नाही. अडचण आहे ती भेट घडवण्याची.

*

थेट खेळात प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडावी लागते. दोघांत एक जोडी, तिघांत तीन, चौघांत सहा, आठ जणांत अठ्ठावीस. "मला तर सगळे दिसतायत" हे होस्टचं म्हणणं निरुपयोगी आहे. उमरगेकर आणि न्यू जर्सीकर एकमेकांना दिसतात का, ते विचारायचं. सहा जोड्या कागदावर लिहून एकेकीपुढे खूण करत गेलं की बिघाड कुणाच्या घरी आहे ते पाच मिनिटांत कळतं. ज्याचं नाव प्रत्येक तुटलेल्या जोडीत येतं, त्याचा राउटर आधी उघडायचा.

*

इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. त्यातून फार तर ४२९ कोटी पत्ते निघतात. १९८१ मध्ये हे ठरलं तेव्हा एवढे पुष्कळ वाटले असणार. १९९४ च्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एका पत्त्यामागे पुष्कळ संगणक बसवण्याची रीत लिहून काढली: नॅट. ती तात्पुरती सोय म्हणून मांडलेली होती. तीस वर्षं उलटली, सोय अजून तात्पुरतीच आहे.

*

नॅट म्हणजे जुना वाडा. रस्त्यावर एकच दिंडी दरवाजा, आत बिऱ्हाडं. आतला माणूस बाहेर जाऊन परत येऊ शकतो, कारण दारावरच्याने त्याला जाताना पाहिलेलं असतं. अनोळखी पाहुणा आला आणि कुणाकडे जायचं ते ठरलेलं नसेल, तर दारावरचा त्याला परत पाठवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे दारावर आधी सांगून ठेवणं: ४७६२४ नंबर विचारत कुणी आलं तर आमच्या खोलीत पाठव. इथवर सगळं आपल्या हातात असतं. पुढची भानगड वाड्याबाहेरची आहे. हल्ली कंपनीने गावालाच आणखी एक वेस घातलेली असते, आणि तिची किल्ली आपल्याकडे नसते.

*

उमरगेकराशी फोनवर:

"राउटरच्या पानावर जा. १९२.१६८.१.१. स्टेटस उघड. वॅन आयपी काय दिसतोय?"

"शंभर पॉइंट ब्याऐंशी पॉइंट..."

"थांब. पुढचं वाचू नकोस."

"का रे? झालं काय?"

"तू वेशीच्या आत आहेस. राउटरमध्ये काहीही बदललंस तरी उपयोग नाही."

"मग काल रात्री दीडपर्यंत मी काय करत बसलो होतो लेका?"

*

खूण लक्षात ठेवण्यासाठी: १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला तर तो कंपनीच्या आतल्या वाटपाचा. असे सुमारे ४२ लाख पत्ते एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी वेगळे काढले गेले. १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा असेल तरीही तेच: वर आणखी कुणीतरी आहे. दुसरी खूण म्हणजे राउटरवरचा वॅन पत्ता आणि 'माझा आयपी काय' विचारल्यावर ब्राउझरने दाखवलेला पत्ता यांची तुलना. दोन्ही जुळले तर दार आपलं. नाही जुळले तर राउटरशी झगडणं थांबवायचं.

*

कंपनीचा हिशेब सरळ आहे. पत्ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेने शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून टाकले. आशियाची संस्था त्याच एप्रिलमध्ये काटकसरीवर आली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात फायबर ओढणाऱ्या लहान केबलवाल्याला पत्ते मिळणार कुठून? एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. घरटी हजार दिले तर एका पत्त्यात चौसष्ट-पासष्ट घरं बसतात. व्हिडिओ पाहणाऱ्या घराला काही कळतही नाही. कळतं ते होस्ट करणाऱ्याला, घरातला कॅमेरा दुकानातून पाहू बघणाऱ्याला, आणि शेतातल्या मोटरवर स्वतःचा कंट्रोलर बसवलेल्याला.

*

कस्टमर केअरला फोन केला. "पब्लिक आयपी मिळेल का?"

"सर, आपला स्पीड कमी येतोय का?"

"स्पीड उत्तम आहे."

"मग आपली तक्रार काय आहे सर?"

दोन दिवसांनी बॉक्स बदलायला जो पोरगा आला, त्याने एका वाक्यात उत्तर दिलं: "काका, स्टॅटिक घ्या, वर्षाचे वेगळे पैसे पडतील, नाहीतर तुम्ही नॅटमागंच राहणार." जिल्ह्यात नेटवर्कचं ज्ञान शिडीवर चढणाऱ्याकडे आहे. फोन उचलणाऱ्याकडे नाही.

*

घरात दोन राउटर आहेत का ते पाहावं. कंपनीचा पांढरा बॉक्स स्वतःच राउटर असतो. वरून आपण अँटेनांचा मोठा डबा विकत आणून त्याला जोडतो. मग पोर्ट एकात उघडलेलं आणि दुसऱ्यात बंद. कंपनीचा बॉक्स ब्रिज मोडवर टाकायला सांगायचं, किंवा आपल्या डब्याला नुसता ॲक्सेस पॉइंट करायचं.

*

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लोक दोन्हींना 'होत नाहीये' म्हणतात.

रिफ्यूज्ड ही चांगली बातमी. हाक कुठवर तरी पोचली आणि 'इथे कुणी नाही' असं उत्तर आलं. बहुधा गेम सुरू केलेला नसतो, किंवा पोर्टचा आकडा चुकलेला असतो.

टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच नाही. वाटेत कुणीतरी हाक गिळली: फायरवॉलने, चुकीच्या फॉरवर्डिंगने, किंवा त्या वेशीने.

म्हणून फोटो पाठवा असं सांगायचं. शब्दन्शब्द दिसला पाहिजे.

*

विंडोजचा फायरवॉल. नवीन गेम पहिल्यांदा सुरू झाला की एक चौकट येते, परवानगी द्यायची का म्हणून. घाईत माणूस कॅन्सल दाबतो. विंडोज ते विसरत नाही. त्या प्रोग्रामला अडवण्याचा नियम लिहून ठेवतं, आणि ती चौकट पुन्हा येत नाही. माइनक्राफ्टच्या बाबतीत आणखी गंमत: यादीत माइनक्राफ्ट हे नाव शोधून सापडत नाही. तिथे जावाचं नाव असतं, 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी'. ते ओळखीचं नाही म्हणून कुणी त्याला हात लावत नाही.

*

स्वतःचा बाहेरचा पत्ता घरातूनच तपासू नये. पुष्कळ राउटर आतून निघालेली हाक वळवून परत आत घेत नाहीत. फोनचं वायफाय बंद करायचं, मोबाइल डेटावरून बघायचं.

*

पिंगला उत्तर आलं नाही म्हणून गेम चालणार नाही असं नसतं, आणि उत्तर आलं म्हणून चालेल असंही नसतं. पिंग वेगळ्या वाटेने जातो. फायरवॉल त्याला अडवून गेमला सोडू शकतो, किंवा उलट.

*

वीज गेली की पत्ते हलतात. राउटर परत सुरू झाला की घरातल्या यंत्रांना पत्ते नव्याने वाटतो. काल लॅपटॉप १९२.१६८.१.४ होता, आज तो आकडा आईच्या फोनला मिळालेला. फॉरवर्डिंग अजून ४ कडेच बोट दाखवतंय. चौघं मिळून आईच्या फोनवर हल्ला करतोय आणि ती शांतपणे कीर्तन ऐकतेय. राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता राखून ठेवणं हे दोन मिनिटांचं काम आहे. बाहेरचा पत्ताही बदलू शकतो. त्यावर उपाय म्हणजे डायनॅमिक डीएनएस. एक ठरलेलं नाव घ्यायचं, पत्ता बदलला की ते आपोआप नव्याकडे वळतं.

वळवाच्या दिवसांत वेगळी काळजी. फायबरमधून वीज येत नाही, अडॅप्टरमधून येते. ढग गडगडले की प्लग काढायचा. लढाई अर्धवट राहिली तरी चालेल.

*

धाराशिवहून उमरग्याला एसटीने तुळजापूर-नळदुर्ग करत दोन-अडीच तासांत पोचता येतं. पॅकेट मात्र तिकडून जात नाही. माझी कंपनी एक, त्याची दुसरी, आणि दोघींची देवाणघेवाण जिल्ह्यात कुठेच होत नाही. ट्रेसर्ट चालवला की मधल्या टप्प्यांच्या नावांत मुंबईच्या खुणा दिसतात. देशातल्या देशात जाणारी वाहतूक परदेश फिरून येऊ नये म्हणून २००३ मध्ये निक्सी ही देवघेवीची व्यवस्था सुरू झाली. परदेशवारी त्यामुळे टळते, मुंबईवारी टळत नाही.

हिशेब असा. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. इथून मुंबई सुमारे ४००, तिथून उमरगा ५०० च्या आसपास. जाऊन-येऊन १८००. म्हणजे नुसत्या अंतराचे ९ मिलिसेकंद. पडद्यावर ४० दिसत असतील तर उरलेले घरातल्या वायफायचे आणि वाटेतल्या रांगांचे.

न्यू जर्सी हवाई अंतराने साडेबारा हजार किलोमीटर. तिथे १२५ च्या खाली कुणीच आणू शकत नाही. केबल बदला, राउटर बदला, पॅक बदला.

*

पण १२५ ने बिघडत नाही. त्याच २००१ च्या लेखातलं निरीक्षण: उशीर पाव सेकंदाचा असला तरी खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला त्रास होतो तो उशीर कमी-जास्त होत राहिला की. सतत सावकाश चालेल, मधेच वेगात आणि मधेच सावकाश चालणार नाही. म्हणून पिंगचा सरासरी आकडा पाहू नये, त्यातली उडी पाहावी. ३०, ३१, ३०, २४०, ३२ असं दिसलं की वायफाय सोडून लॅपटॉपला केबल लावायची. निम्मी कटकट तिथेच संपते.

नवरात्रात आमच्यात एक पाहुणा खेळाडू असतो, तुळजापूरचा. मोबाइल डेटावर खेळतो. यात्रेची गर्दी वाढली की त्याच्या आकड्यांकडे बघवत नाही. टॉवर तेच, माणसं कितीतरी पट. त्या दिवसांत त्याने देवीचं दर्शन घ्यावं, गेम कोजागरीनंतर.

*

हमाची आठवते का कुणाला? २००४ मध्ये आलेलं. लांबलांबचे संगणक एकाच खोलीत आहेत असं गेमला पटवून देणारं. त्याने सदस्यांना ५ ने सुरू होणारे पत्ते वाटले, कारण तेव्हा तो गठ्ठा कुणालाच दिलेला नव्हता. २०१० च्या शेवटी तो खऱ्या वापरासाठी युरोपात वाटला गेला. मग २०१२ मध्ये हमाची २५ वर सरकलं. तो गठ्ठा ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाच्या नावावर आहे. म्हणजे कुठल्या कुठल्या पोरांनी त्या पत्त्यांवर कॅसल बांधले.

*

आता झिरोटियर किंवा टेलस्केल. दोन्ही उत्तम, पण जुन्या खेळासाठी फरक पडतो. जुना खेळ 'कोण आहे का?' अशी हाक सगळ्यांना एकदम मारून होस्ट शोधतो. झिरोटियर ती हाक पलीकडे नेतं. टेलस्केल नेत नाही. तिथे होस्टचा पत्ता हाताने टाकावा लागतो. टेलस्केलचे पत्तेही १००.६४ च्याच गठ्ठ्यातले, तेव्हा ते पाहून वेशीची शंका घेऊ नये.

आणि एक. संगणकात दोन-तीन नेटवर्क कार्डं दिसत असली की जुना खेळ भलतंच कार्ड धरतो. जी लागत नाहीत ती तेवढ्यापुरती बंद करायची.

*

ही साधनं मुळात करतात काय? दोघंही वेशीच्या आत, दोघांनाही बाहेर जाता येतं, आत कुणाला घेता येत नाही. तेव्हा एक तिसरा दोघांना सांगतो की तुम्ही बाहेरून कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर दिसता. मग दोघं एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट सोडतात. प्रत्येकाच्या राउटरला वाटतं, हा आपणच सुरू केलेल्या बोलण्याचा जबाब आहे. तो आत सोडतो. तिसरा बाजूला होतो. ब्रायन फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेल्या नॅट यंत्रांपैकी सुमारे ८२ टक्क्यांत ही युक्ती यूडीपीवर चालली, टीसीपीवर सुमारे ६४ टक्क्यांत. उरलेल्यांना तिसऱ्याच्या हातूनच सगळं पाठवावं लागतं. चालतं, पण वळसा पडतो.

*

आपल्याला हे नवीन वाटतं, पण आई रोज वापरते. व्हॉट्सॲपवर दोघांचा कॉल शक्य तिथे असाच थेट जातो. २०२३ पासून प्रायव्हसीच्या ॲडव्हान्स्ड भागात एक बटण आहे: कॉलमध्ये आयपी पत्ता झाकून ठेवा. ते लावलं की कॉल कंपनीच्या सर्व्हरवरून फिरतो आणि आवाज थोडा उतरू शकतो. थेट जोडणीची किंमत तिथे स्पष्ट लिहिली आहे: समोरच्याला तुमचा पत्ता कळतो. मित्राला कळला तर हरकत नाही. अनोळखी माणसाबरोबर खेळताना विचार करावा.

*

भाचा कळंबला. माइनक्राफ्टचा सर्व्हर त्याने घरच्या जुन्या संगणकावर उभा केला. "मामा, २५५६५ उघडून दे ना." उघडून दिला, पण आधी व्हाइटलिस्ट लावायला लावली. ज्यांची नावं यादीत तेच आत. 'डीएमझेड' हा पर्याय कितीही सोपा दिसला तरी वापरायचा नाही. त्याने एक पोर्ट नाही, सगळाच संगणक उघड्यावर येतो.

त्याला २०२१ च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली. जावाच्या लॉग४जे नावाच्या एका तुकड्यात खिंडार होतं, आणि त्याचा बोभाटा झाला तो माइनक्राफ्टमुळे. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हरवर परक्याचा कोड चालवता येत होता. १.१८.१ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली. भाच्याने विचारलं, "मग मी जुनी आवृत्ती का ठेवू नये?" म्हटलं, एवढ्यासाठीच. त्याने त्याच संध्याकाळी अपडेट केलं, मॉड बिघडले, आणि आता तो माझ्याशी बोलत नाही.

*

खरा तोडगा आहे नवा पत्ता, आयपीव्ही६. १२८ बिटांचा; एकूण पत्त्यांची संख्या ३९ आकडी होते. त्यात वाडा नको, वेस नको, प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता. जगभर तो ६ जून २०१२ पासून कायमचा सुरू करण्यात आला. आपल्याकडे तो खेडोपाडी पोचला मोबाइलमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते सुरुवातीपासूनच हा पत्ता देत होतं. त्यामुळे तेरच्या शिवारात उभ्या माणसाच्या फोनला जगात एकमेव असा पत्ता असतो, आणि न्यू जर्सीकराच्या अपार्टमेंटला अजून नाही.

पत्ता आहे म्हणजे दार उघडं आहे असं नाही. बाहेरून येणारी जोडणी मोबाइल कंपन्या अनेकदा अडवतात, आणि घरचे राउटरही मूळ सेटिंगमध्ये अडवतात. अडवणं योग्यच आहे; उघड्या फोनवर रात्रंदिवस कुणी ना कुणी टकटक करत राहील. पण घरच्या राउटरमध्ये त्यासाठी फायरवॉलचं पान असतं आणि ते आपल्याला उघडता येतं. फॉरवर्डिंग नाही, नुसती परवानगी. मी आणि हिंजवडीकर माइनक्राफ्टवर असेच भेटलो: पत्ता चौकटी कंसात, पुढे पोर्ट, झालं. १९९९ चा खेळ मात्र हा पत्ता ओळखत नाही. त्याच्यासाठी झिरोटियर आहेच.

*

ग्रुपवर टाकून ठेवलेला क्रम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर लिहायचं.

१. सगळ्यांची आवृत्ती एकच आहे ना?
२. केबल लावली का?
३. फायरवॉलमध्ये गेमला परवानगी?
४. वॅन पत्ता आणि बाहेरचा पत्ता जुळतात?
५. जुळत असतील तर फॉरवर्डिंग. जुळत नसतील तर ४ वर थांबा आणि झिरोटियर घ्या.
६. जोड्यांचा कागद.

लोक नेमकं पाचवं आधी करतात.

*

होस्ट कुणी व्हायचं यावर वाद नको. ज्याचा संगणक भारी तो नाही. ज्याच्याकडे खरा पत्ता आहे आणि वीज जात नाही तो. आमच्यात खरा पत्ता फक्त हिंजवडीकराकडे. सोसायटीला जनरेटरही आहे. त्यामुळे तो होस्ट, आणि त्यामुळेच नकाशा तो निवडतो. याबद्दल बाकी तिघांची नाराजी आहे.

*

रविवारच्या आधी:

वर्षाच्या स्टॅटिक आयपीचे पैसे तिघांत वाटून घेण्याचा विषय काढणं. पत्ता धाराशिवला घ्यायचा, म्हणजे नकाशा आम्ही निवडू.

न्यू जर्सीकराला राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू करता येतं का ते बघायला सांगणं.

उमरगेकराला राउटरसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस घ्यायला लावणं. हे मागच्या वहीतही लिहिलेलं आहे.